सहीच्या वरचा मजकूर

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पाणीपुरवठा विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर एकच दिवा लागलेला होता आणि त्याच्या खाली टिपणीबाई लिहीत होत्या. ऑफिस दहाला उघडतं. पंखे बंद होते, खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातलेल्या होत्या, फरशी अजून ओली होती. बाईंच्या डाव्या हाताला फायलींची चळत होती. समोरची फाईल शाळेमागच्या रस्त्यावरच्या गळतीची. जमिनीखालची नळी फुटलेली, पाणी फुटपाथवर, आणि तक्रार करणारे लोक तेच. फक्त त्यांची भाषा दर महिन्याला थोडी कमी सभ्य होत गेलेली.

बाईंनी आधी वस्तुस्थिती लिहिली. मग नियम लिहिला. मग तिसरा भाग, अभिप्राय : 'सबब, नळी बदलण्याच्या कामास मान्यता देणे उचित होईल, असे माझे मत आहे.'

यातलं 'माझे' बाईंचं नव्हतं, साहेबांचं होतं. साहेब त्या वेळी घरी दाढी करत असावेत. या विषयावर आपलं मत काय आहे, हे त्यांना साडेदहाला, सही करताना कळणार होतं.

याच साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बाईंना दुपारी चार वाजता कॉलेजच्या चौकशी समितीपुढे बसायचं होतं. बाईंनी साहेबांचा प्रबंध चोरला, असा संशय होता.

शिपाई बादली घेऊन आत आला आणि दारातच थांबला.

"बाई, आजच्या दिवशीसुद्धा?"

"आज काय वेगळं आहे?"

"मी असतो ना, तर लिहिलं असतं, 'मी ठार गाढव आहे, असे माझे मत आहे.' झाली असती सही."

"झाली असती," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. पुढची फाईल ओढली.

टिपणीबाई हे नाव त्यांना मिळालं त्याला बरीच वर्षं झाली. कुठल्याही फायलीवर निर्णय होण्याआधी एक टिपणी लिहावी लागते आणि तिचे तीन भाग असतात. पहिले दोन, म्हणजे वस्तुस्थिती आणि नियम, लिपिकानं मांडायचे. तिसरा, अभिप्राय, अधिकाऱ्यानं स्वतः लिहायचा. कामकाजाच्या पुस्तिकेत हे स्वच्छ छापलेलं आहे. पण एका जुन्या साहेबांचा उजवा हात जिन्यावरून पडून मोडला. ते म्हणाले, "बाई, थोडे दिवस तिसरा भागही तुम्हीच लिहा, मी डाव्या हातानं सही ठोकतो." प्लास्टर निघालं, पण पद्धत राहिली. ते साहेब निवृत्त झाले, दुसरे आले, मग हे आले. प्रत्येकाला ती खुर्चीबरोबर, टेबलाबरोबर, घंटीबरोबर मिळत गेली. आता तर अशी स्थिती आहे, की बाई रजेवर असल्या तर विभागाला मतच नसतं.

टिपणी लिहिणाऱ्याचं नाव कुठेही येत नाही. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढी आद्याक्षरं, बस. उजवीकडे अधिकाऱ्याची सही, ऐसपैस, शेपटी असलेली.

हे सगळं बाईंना खटकत नव्हतं असं नाही. पण खटकून काय करायचं, याचं उत्तर एकच होतं : अधीक्षक व्हायचं. अधीक्षक स्वतःचा अभिप्राय लिहितो आणि स्वतःच सही करतो. त्या पदाच्या निवडीला दोन अटी होत्या. लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी हवी, आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं. बाई चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. म्हणजे यंदाची निवड पहिली आणि शेवटची. पदवी याच सत्रात हातात आली तर ठीक, नाहीतर निवृत्तीपर्यंत डावा कोपरा.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो म्हणाला, "शिक की. मी अडकलेल्या माणसांना रोज बाहेर काढतो, तू स्वतःला काढ." सासूबाईंना विषयाचं नाव कळेना.

"लोकप्रशासन म्हणजे गं काय?"

"लोकांची कामं कशी करायची त्याचा अभ्यास, आई."

"मग तुमच्या ऑफिसात तो कुणी केलेला दिसत नाही. आपल्याच गल्लीत नळी फुटलीय, बघितलीस का?"

बाईंनी बघितली होती. तिची फाईलही त्यांनीच चालवली होती. तिथूनच त्यांना प्रबंधाचा विषय सुचला : गळतीची तक्रार खिडकीवर आल्यापासून कामगार कुदळ घेऊन पोहोचेपर्यंत कोणकोणत्या टेबलांवरून जाते, कुठे थांबते, आणि कुठल्या टेबलावर तिच्यात खरोखर काही भर पडते. सुट्टीच्या दिवशी बाई फुटलेल्या नळ्या शोधत वस्त्यांमधून फिरल्या. लोकांशी बोलल्या, शिव्या खाल्ल्या. एका म्हाताऱ्यानं त्यांना घरात बसवलं आणि आपल्या ओल आलेल्या भिंतीला हात लावायला लावला. लिहिणं पहाटे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. बारावीतली लेक उठायची तेव्हा आईच्या हाताखाली कागद आणि शेजारी करपलेला पाव, हे ठरलेलं दृश्य होतं.

साहेबही त्याच वर्गात आले, त्याच वर्षी. उपायुक्तपदासाठी याच पदवीला प्राधान्य मिळणार, असं कुठूनसं त्यांच्या कानावर आलं होतं. वर्गात ते पहिल्या बाकावर बसायचे, बाई तिसऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मान मागे वळवून सांगितलं, "बाई, त्या दुसऱ्या प्रश्नाचं जरा बघा." म्हणजे लिहा. ऑफिसात 'बघा'चा अर्थ तोच होतो. बाईंनी लिहून दिलं. दुसऱ्यांदाही दिलं. त्याची आठवण झाली की आजही त्यांचं तोंड कडू होतं. तिसऱ्यांदा त्या नाही म्हणाल्या, तेव्हा साहेब नुसते "बरं बरं" म्हणाले. ते रागावले नाहीत. बाईंना तेव्हा हायसं वाटलं होतं.

मग ती चूक झाली. स्वतःच्या ऑफिसवर प्रबंध लिहायचा तर विभागप्रमुखाची परवानगी लागते, असा कॉलेजचा नियम आहे. बाईंनी पूर्ण प्रबंध फायलीच्या पुठ्ठ्यात घातला, दोरी बांधली आणि इतर फायलींसारखा साहेबांच्या टेबलावर ठेवला. पहिल्या पानावर नाव घातलं नाही. परवानगी आली की घालू, असा विचार. शेवटच्या पानावर मात्र, हाताच्या सवयीनं, डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं टाकली.

बाहेरच्या कुणाकडून ही चूक झाली नसती. कुणीही माणूस आपल्या लिखाणावर आधी आपलं नाव घालतो. पण इतकी वर्षं बाईंच्या हातून लाखभर शब्द असेच बिननावाचे वर गेले होते, आणि जे वर जातं ते सहीवाल्याचं होतं, हे त्या रोज बघत होत्या. तरी तो दिवस आणि ती फाईल त्यांना वेगळी वाटली. साहेबांना वाटली नाही.

परवानगी तीन आठवड्यांनी मिळाली. मधल्या काळात साहेबांनी अख्ख्या प्रबंधाची झेरॉक्स काढून घेतली, नवं पहिलं पान जोडलं आणि बाईंच्या आधी आठवडाभर तो कॉलेजात देऊन टाकला. कॉलेजच्या संगणकाला दोन्ही सारखे दिसले. नंतर आलेला तो नक्कल, हे संगणकाचं साधं गणित.

पत्र आलं त्या दिवशी बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब खरंच गोंधळले. "अहो, तुम्ही पण दिलात? मला वाटलं, तुम्ही दुसरा लिहिला असेल."

या वाक्याचा बाईंना जितका राग आला तितका नंतर कशाचाच आला नाही. त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर निदान समोरच्या माणसाला माणूस धरलेलं असतं.

समितीची खोली कॉलेजच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे. आत लांबट टेबल, पाण्याचा जग, आणि बंद न होणारी एक खिडकी. समितीत तिघं होते. अध्यक्ष, म्हणजे लोकप्रशासन शिकवणाऱ्या विभागाचे प्रमुख. एक निवृत्त अधिकारी, बाहेरचे सदस्य म्हणून. आणि दोघांच्याही मार्गदर्शक असलेल्या मॅडम, ज्या बाईंपेक्षा वयानं लहान आहेत आणि कंत्राटावर आहेत.

अध्यक्षांनी दोन प्रबंध शेजारी शेजारी ठेवले. "शब्दन् शब्द सारखे. फक्त पहिलं पान वेगळं. बोला बाई."

"प्रबंध माझा आहे. मी लिहिलाय."

"साहेब?"

बाईंची अपेक्षा होती की साहेब नाकारतील. त्याची तयारी त्यांनी केली होती. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. बाईंनीच लिहिलाय."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग साहेबांनीच पुढे सुरू केलं, समजूत घालावी तसं. "आमच्याकडचं सगळं बाईच लिहितात. फार छान लिहितात, माझी काही तक्रार नाही. पण विभाग माझा, माहिती विभागाची, ती घेतली माझ्या परवानगीनं. माझ्या टेबलावर आला, मी सही केली. नवीन काय झालं यात?"

निवृत्त अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "पद्धत आहे तशी. मी स्वतः नोकरीत असताना अख्खे अहवाल असे काढलेत."

"काढलेत म्हणजे लिहिलेत?" बाईंनी विचारलं.

"काढलेत."

अध्यक्षांनी साहेबांच्या प्रतीचं शेवटचं पान उलटलं. झेरॉक्स करताना तळाचा डावा कोपराही आला होता. "ही बारीक खूण कसली?"

"ती मी आहे," बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो ते," निवृत्त अधिकारी मदतीला धावले. "मी सांगतो. ती खूण म्हणजे कागद कुणी मांडला, एवढंच. त्याला काही अर्थ नसतो. जबाबदारी सहीची."

"जबाबदारी सहीची ना? मग चोरीचा संशय माझ्यावर का?"

निवृत्त अधिकाऱ्यांनी पाणी ओतून घेतलं. अध्यक्षांनी पानं चाळली, एका ठिकाणी थांबले, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"साहेब, इथे एक निष्कर्ष आहे. वाचतो. 'तक्रारीची फाईल सर्वाधिक काळ विभागप्रमुखांच्या टेबलावर राहते व तेथे तिच्यात सहीखेरीज कोणतीही भर पडत नाही. हे टेबल वगळल्यास नागरिकांचे काम लवकर होईल.' विभागप्रमुख तर तुम्हीच ना?"

साहेबांचा चेहरा क्षणभर पाटी पुसल्यासारखा झाला. वाक्य त्यांच्यापर्यंत पहिल्यांदाच पोहोचत होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण माणूस उगाच विभागप्रमुख झालेला नव्हता. त्यांनी घसा साफ केला.

"आत्मपरीक्षण."

"अं?"

"म्हटलं, सुरुवात स्वतःपासून करावी."

"वा," निवृत्त अधिकारी म्हणाले. "हल्ली इतका मोठेपणा कोण दाखवतो?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोठेपणा? अहो, ते वाक्य त्यांनी आत्ता ऐकलंय. तुम्ही वाचलंत तेव्हा."

"आवाज जरा खाली, बाई."

"माझा आवाज इतकी वर्षं खालीच आहे. म्हणून तर मी आज इथे बसलेय."

अध्यक्षांनी हात वर केला आणि मॅडमकडे वळले. "तुम्ही मार्गदर्शक. तुमचं काय म्हणणं?"

पहिली दोन प्रकरणं मॅडमनी बाईंच्या हस्ताक्षरात वाचली होती. समासात पेन्सिलनं शेरे मारले होते. एका शेऱ्यात 'उत्तम' असं लिहिलं होतं, दोनदा अधोरेखित करून. मॅडमनी समोरच्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"दोघंही माझे विद्यार्थी आहेत. माझी दोघांशीही वेळोवेळी चर्चा झालीय."

हे शब्दशः खरं होतं. साहेबांशी झालेली चर्चा गाडी कॉलेजच्या आवारात कुठे लावावी याबद्दल होती.

निर्णय व्हायला मग वेळ लागला नाही. कुणालाही दोषी धरायचं नाही. दोन्ही प्रबंध बाद. त्याऐवजी दोघांनाही याच सत्रात दोन जादा पेपर देण्याची मुभा. पेपर पुढच्या महिन्याच्या अखेरीस. पास झालात तर पदवी यंदाच. अध्यक्ष समाधानानं मागे टेकले. "म्हणजे कुणाचंच नुकसान नाही."

"मी दोन वर्षं फुटक्या नळ्यांमागे फिरले," बाई म्हणाल्या. "त्याचं काय?"

"तो अनुभव तुमच्याजवळ राहीलच की."

बाईंनी आपली प्रत टेबलावरून उचलली. ती कॉलेजच्या दप्तरी जमा करायची असते, असं अध्यक्ष म्हणाले. "बाद झालेली पण?" बाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पिशवीत घातली.

व्हरांड्यात मॅडम मागून आल्या. चपला वाजू नयेत अशा बेतानं चालत होत्या.

"बाई, मला माहीत आहे हो, तुमचाच आहे तो. पण माझं कंत्राट या सत्राला संपतंय आणि ते वाढवणं अध्यक्षांच्या हातात."

"हे आत का नाही बोललात?"

"बोलून काय झालं असतं?"

"ते आता आपल्या दोघींनाही कधी कळणार नाही."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी त्यांना रुमाल दिला नाही, धीरही दिला नाही. त्या पुढे चालू लागल्या. मॅडमचं कंत्राट खरंच संपत होतं आणि भीती खरी होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रत्येकाची भीती खरी धरत गेलं की शेवटी भुर्दंड एकाच माणसावर पडतो, आणि तो माणूस कोण, हे आज कळलं होतं.

फाटकापाशी साहेब गाडीत बसून काच खाली करून थांबले होते. चेहरा प्रसन्न.

"चला बाई, सोडतो ऑफिसपर्यंत. सुटलो बुवा एकदाचे! तुम्ही उगाच तापलात आत. मी तुमची किती स्तुती केली, ऐकलीत ना?"

"ऐकली."

"मग झालं. हां, आणि ते दोन पेपर. तुम्ही नोट्स काढालच. एक प्रत मलाही द्या. जरा मोठ्या अक्षरात काढा, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय."

बाईंनी गाडीच्या टपावर हात ठेवला. टप उन्हानं तापलेला होता, तरी हात काढला नाही.

"साहेब, उद्या अकराला आयुक्तांकडे गळतीच्या फायलींची बैठक आहे."

"आहे ना. टिपण्या तयार आहेत?"

"शाळेमागची झाली, तुम्ही सकाळी सही केलीत. बाकीच्या उद्या सकाळी करते. वस्तुस्थिती मी लिहीन, नियमही मी लिहीन. अभिप्राय तुम्ही लिहायचा."

साहेब हसले. मग बाई हसत नाहीयेत हे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे?"

"पुस्तिकेत छापलंय तसं."

"अहो, पण कुठल्या फायलीत काय आहे हे मला कुठे माहीत असतं?"

"तेच मी प्रबंधात लिहिलंय. सही करण्याआधी वाचायला हवा होतात."

साहेबांनी गाडी बंद केली. आवाज बदलला, ऑफिसात घंटी दाबल्यावर असतो तो झाला. "बाई, एक विसरताय. अधीक्षकाच्या निवडीला गोपनीय अहवाल लागतो. तुमचा अहवाल माझ्या हातात आहे."

"नाही साहेब. तो पण माझ्याच हातात असतो. विभागातल्या सगळ्यांचे गोपनीय अहवाल दरवर्षी मीच लिहिते आणि तुम्ही सही करता. माझासुद्धा." बाई थांबल्या. "मी स्वतःला दरवर्षी 'समाधानकारक' लिहीत आले. लाज वाटायची जास्त लिहायला. यंदाचा तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात. काय येतं ते मलाही बघू दे."

त्या बसथांब्याकडे निघाल्या. गाडी बराच वेळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

घरी पोहोचल्या तेव्हा अजून उजेड होता. नवरा नुकताच कामावरून आलेला, बनियनवर, हाताचं ग्रीस साबणानं घासत मोरीशी उभा. बाईंनी पिशवी ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शेवटी साहेबांशी काय बोलणं झालं तेही सांगितलं. नवऱ्याचे हात थांबले.

"अगं, मग हे शेवटचं कशाला काढलंस? पेपर मिळाले होते ना? महिनाभर गप्प बसायचं, पेपर द्यायचे, पदवी घ्यायची, मग काय ते सांगायचं त्याला. आता तो अहवालात काय लिहील कुणास ठाऊक."

"आणि महिनाभर त्याच्या नोट्स काढू? मोठ्या अक्षरात?"

"काढ म्हणत नाही मी."

"तेच म्हणताय. गप्प बस म्हणजे काढ. अहो, मी आजवर तेच तर करत आलेय, गप्प बसून काढत आलेय!"

नवऱ्यानं हात धुतले. नळ बंद केला. सासूबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"निवड नाही झाली तर काय होईल गं?"

"काही नाही, आई. आहे तिथेच राहीन."

"म्हणजे आहे त्याहून वाईट तर नाही ना होणार?"

"बदली करेल कदाचित. लांबच्या केंद्रावर."

"तिथे तरी नळ्या धड आहेत का?" सासूबाईंनी पाकळ्या वाटीत टाकल्या. "आणि तू रे, बायकोला शहाणपण शिकवतोस. तुझा मुकादम तुला 'अरे' म्हणाला होता तेव्हा पान्हा फेकून घरी आला होतास. आठवडाभर मीच पोसलं होतं."

लेक आतून खो खो हसली. नवऱ्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "बरं. मग महिनाभर सकाळचे डबे मी करतो. तू अभ्यास कर."

"तुम्ही? मीठ कुठे असतं माहितीय का?"

"लेबलं लावून दे. नियम आणि वस्तुस्थिती तुझी, स्वयंपाक माझा."

"मग अभिप्राय आम्ही देऊ," लेक म्हणाली.

बाई एवढ्यावर हसल्या, पण तो राग गेला म्हणून नव्हे. राग जागच्या जागी होता. त्यांनी पिशवीतून बाद झालेला प्रबंध काढला आणि त्याची बांधणी सुरीनं उसवली. पानं एकाच बाजूनं छापलेली होती. पाठी कोऱ्या होत्या. जादा पेपरांचा पहिला धडा अर्थसंकल्पावर नियंत्रण कुणाचं, असा होता. त्याच्या नोट्स त्यांनी त्या कोऱ्या पाठींवर सुरू केल्या, आपल्याला लागतं तेवढ्याच, बारीक अक्षरात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, लिहायला सुरुवात करण्याआधी, त्यांनी आपलं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट. जागा वाया जाते, असं लेकीनं सुचवून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

साहेबांचा फोन सातच्या सुमारास आला. वाजू दिला. परत आला. मग शिपायाचा आला, तो उचलला.

"बाई, साहेब ऑफिसात आलेत. पुस्तिका मागतायत. कामकाजाची. कुठे असते हो ती? त्यांच्या कपाटात तर नाही."

"माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात. चावी तुझ्याकडे आहे."

"कुठलं पान विचारतायत."

"त्यांना म्हणावं, अनुक्रमणिका आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

उद्या बाईंची बस नऊ वाजून पाच मिनिटांची आहे. नऊ चाळीसला त्या दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लावतील. दहा वाजता उरलेल्या सगळ्या फायली साहेबांच्या टेबलावर जातील, प्रत्येकीत दोन भाग लिहिलेले आणि तिसऱ्याची जागा कोरी. आयुक्तांकडची बैठक अकराला आहे.